मरणोत्तर हजेरी

माझ्या वडिलांची हजेरी ते वारल्यानंतर सुधारली. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करते आहे, कारण त्याला विद्यापीठाचा लेखी आधार आहे. हयातीत तीसपैकी एकोणतीस व्याख्यानं, निधनानंतर दहापैकी दहा. अठरा वर्षं मी तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवते आहे, पण असा विद्यार्थी मला मिळालेला नाही. जिवंतांतसुद्धा नाही.

बाबा म्हणजे लवू आरोसकर. शिरोड्याच्या पुढे आणि रेडीच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथून रोज सकाळच्या एस्टीने जाऊन तेहेतीस वर्षं ते याच कॉलेजात शिपाई होते. टोल द्यायचा, हजेरीपट वर्गावर पोचवायचा, तास संपला की परत आणायचा. प्रत्येक वर्गाच्या दारापर्यंत ते हजारो वेळा गेले. आत बसले नाहीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी बारावी बाहेरून दिली आणि घाटावरच्या एका विद्यापीठात इतिहास विषय घेऊन ऑनलाइन बी. ए.ला नाव घातलं. त्या वेळी ते सहासष्ट वर्षांचे होते.

ऑनलाइन शिक्षणाबद्दल गावात दोन मतं होती आणि दोन्ही आमच्या पडवीत येऊन बसत. आमचे शेजारी बाबलीकाका माड चढणारे. त्यांच्या मते जिथे जायला एस्टी लागत नाही ते कॉलेजच नव्हे. "घरात बसान होता तेका जेवण म्हणतत, शिक्षण नाय," असं ते म्हणत. त्यांच्या पत्नी सीताकाकींचं म्हणणं उलट होतं. त्यांची पुतणी तीन वर्षं एस्टीने कॉलेजात जाऊन आली, तिला काय आलं तर कंडक्टरशी भांडता. बाबा या वादात पडत नसत. एकदाच म्हणाले, "ह्या मोबाईलातल्या बाई अजून एकदाय रजेर गेल्या नाय. तेहेतीस वर्षांत माका असा मास्तर मिळाक नाय."

हे त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, एवढं मी नमूद करते.

संध्याकाळी पाचला व्याख्यान असे. पावणेपाचला बाबा लुंगी सोडून पँट-शर्ट घालत, केस विंचरत आणि पडवीतल्या खुर्चीत ताठ बसत. मोबाईल समोर तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवत. पाचच्या ठोक्याला पितळी तांब्यावर चमच्याने दोन टोल देत. दर पंधरा मिनिटांनी पडद्यावर 'मी उपस्थित आहे' असा हिरवा चौकोन उगवे. तो मिनिटभरात दाबला नाही तर गैरहजेरी. बाबा तो दाबताना तोंडानेही "हजर" म्हणत. तेहेतीस वर्षं दुसऱ्यांची हजेरी वाहिलेला माणूस, त्याला स्वतःची लावताना आवाज काढावासा वाटणारच.

आता एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचा खटाटोप मी का केला हे वेगळं सांगावं लागणार नाही. दोन वर्षांपूर्वी माझा विसरलेला चष्मा द्यायला बाबा कॉलेजात आले होते. स्टाफरूममध्ये अर्थशास्त्राच्या निलेश सरांनी विचारलं, "मॅडम, तुमचे वडील बी. ए. करतायत म्हणे?" मी हसून म्हटलं, "करतायत, मोबाईलवर." सगळे हसले. दाराशी बाबा चष्मा घेऊन उभे होते. तेही हसले. त्या दिवसापासून व्याख्यानाच्या वेळी मोबाईलचा आवाज त्यांनी अगदी बारीक केला. मी घरी असले की इतका बारीक, की त्यांना स्वतःला ऐकू येत असेल का, याची मला शंका आहे.

तर सहा सत्रं झाली. सगळे पेपर झाले, सगळ्यांत पास. राहिला फक्त एक मूल्यवर्धित अभ्यासक्रम. परीक्षा नाही, चाळीस व्याख्यानं ऐकायची आणि पंचाहत्तर टक्के हजेरी भरायची. तेवढी भरली की पदवी. त्या अभ्यासक्रमाचं नाव 'जीवनकौशल्ये'.

बाबा मेच्या पहिल्या रविवारी गेले. सकाळी माडांना पाणी लावून आले, पडवीत बसले आणि गेले. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

जूनमध्ये कॉलेज उघडलं आणि मी ठरवलं, बाबांचं प्रमाणपत्र मागवायचं. काम एका पत्राचं होतं. 'लवू आरोसकर यांचं अमुक तारखेला निधन झालं, त्यांचा निकाल कळवावा.' दोन ओळी. मराठीची प्राध्यापिका आहे मी, दोन ओळी लिहिता येतात.

पण विद्यापीठाला पत्र लिहिता येत नाही. त्याच्या पोर्टलवर जावं लागतं आणि तिथे समर्थ भेटतो. समर्थ म्हणजे कोणी माणूस नव्हे. प्रश्न विचारणारा एक हसरा निळा गोळा.

"नमस्कार लवू! मी समर्थ. आज आपण काय नवीन शिकणार?"

मी लिहिलं, 'लवू आरोसकर यांचे निधन झाले आहे.'

"छान! आणखी काही मदत हवी आहे का?"

मी थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं. मग लिहिलं, 'ते आता अभ्यासक्रम पूर्ण करू शकत नाहीत.' समर्थने ताबडतोब कारणांची यादी पुढे केली. आजारपण, विवाह, नोकरीत बदल, स्थलांतर, आत्मविश्वासाचा अभाव. मृत्यू यादीत नव्हता. विद्यापीठाने आजवर इतके विद्यार्थी घडवले, त्यांतला एकही मेलेला नसावा. स्थलांतरावर माझं बोट क्षणभर घुटमळलं, हे कबूल करते. शेवटी सत्याच्या सर्वांत जवळचं म्हणून मी आजारपण निवडलं. समर्थने मग तब्येत पूर्ववत झाल्याचा डॉक्टरी दाखला मागितला.

तो दाखला देणारा डॉक्टर आमच्या तालुक्यात नाही. निलेश सरांच्या मते सावंतवाडीला चौकशी करायला हरकत नव्हती.

दरम्यान बाबांच्या मोबाईलवर रोज निरोप येत होते. "लवू, तुम्ही एकवीस दिवस अभ्यास केलेला नाही. यश तुमची वाट पाहत आहे!" "लवू, थांबू नका. थांबला तो संपला!" हा शेवटचा निरोप वाचून सीताकाकी म्हणाल्या, "मेल्यांका अक्कल नाय. पण अगदीच खोटा नाय बोलनत."

शेवटी मी मृत्यूचा दाखला जोडून रजिस्टर पोस्टाने अर्ज धाडला. रजिस्टर पोस्टावर आमच्या घराण्याचा विश्वास आहे. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ते मी जसंच्या तसं देते, कारण त्यात माझी भर घालण्यासारखं काही नाही.

'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर विद्यार्थी दि. ५ मे रोजी मृत झाल्याचे आपण नमूद केले आहे. तथापि सदर विद्यार्थी दि. ६ मे ते १७ मे या कालावधीत सर्व व्याख्यानांस उपस्थित असल्याचे प्रणालीत दिसून येते. दोन्ही बाबी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. सबब मृत्यूच्या दाखल्यात दुरुस्ती करून घ्यावी, अन्यथा तोतयेगिरीबाबत खुलासा सादर करावा. खुलासा समाधानकारक नसल्यास नोंदणी रद्द करण्यात येईल.'

मी ते पडवीत मोठ्याने वाचलं. बाबलीकाका सुपारी कातरत होते, ते कातरतच राहिले. सीताकाकी मात्र पदर नीट करून उठायला लागल्या.

"काकी," मी म्हटलं, "बसा."

"चूल पेटती ठेवन इलंय गो."

"तुमच्याकडे गॅस आहे."

काकी बसल्या. आमच्याकडची रीत अशी आहे की सुतकात घरचे आणि भावकीतले लोक कशाला हात लावत नाहीत, म्हणून त्या घराची सगळी कामं शेजारी करतात. जेवण आणतात, गुरांचं बघतात, झाडांना पाणी घालतात. याला कोणी उपकार म्हणत नाही, आळीपाळीने सगळ्यांवर येतंच. त्याप्रमाणे बाबलीकाकांनी आमची गाय आणि माड घेतले होते, स्वयंपाक आणि केरवारा काकींनी. आणि काकी इतक्या काटेकोर, की त्यांनी घरातलं एकही काम मागे ठेवलं नव्हतं.

"पाच वाजले की तो फोन आरडा होतो," काकी म्हणाल्या. "पयल्या दिवशी माका वाटला, लवूदादाक कोणतरी बोलावता. बगलंय तर तेंची शाळा. तुमका सुतक, तुमी वही-पुस्तक कशी धरतल्यात? म्हणान मी बसलंय."

"बारा दिवस?"

"शनवार-आयतवार सुट्टी होती."

"हिरवा चौकोन?"

"दाबलंय. लवूदादा 'हजर' म्हणा होते, तसा म्हटलंय पण. टोलय दिलंय." मग जरा दुखावून म्हणाल्या, "कामात कुचराई नाय केलंय हां, बाय."

मला आठवलं. त्या दिवसांत मी आतल्या खोलीत असे आणि बाहेरून कोणा बाईंचा आवाज येई. 'ताणतणावाचे व्यवस्थापन', 'सकारात्मक दृष्टिकोन'. मला वाटे, शेजारणी मोबाईल बघतायत. बाहेर येऊन बघण्याइतका त्रास घेणं मला तेव्हा जमत नव्हतं.

प्रश्न सरळ होता. काकींची दहा व्याख्यानं खरी मानली तर बाबांचा मृत्यू खोटा ठरत होता. मृत्यू खरा मानला तर हजेरी चाळीसपैकी एकोणतीस, म्हणजे साडेबहात्तर टक्के. अडीच टक्क्यांसाठी तीन वर्षं बुडणार होती.

बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. सल्ले संध्याकाळपासून सुरू झाले. एकाच्या मते बाबांना जुळा भाऊ दाखवावा. दुसऱ्याने सुचवलं की आत्मा बारा दिवस घरातच असतो, तसं खुलाशात लिहावं, शास्त्राचा आधार द्यावा. विद्यापीठ मराठी माणसांचंच असल्याने हा मुद्दा टिकेल, अशी त्याची खात्री होती. बाबलीकाका तर एकदम उसळले. "म्हणान मी सांगा होतंय, कॉलेज एस्टीन जावचा! लवूदादा एस्टीन गेले असते तर मेल्यार गेले नसते, सरळ हिशोब!" या युक्तिवादात काही खोट मला अजून सापडलेली नाही.

मी ग्रामपंचायतीत गेले. दाखल्यात खरोखर दुरुस्ती करायची नव्हती. 'दुरुस्ती करता येत नाही' असं लेखी हवं होतं. पण तिथला लिपिक मंगेश माझा जुना विद्यार्थी निघाला आणि त्याला गुरुदक्षिणा देण्याची हुक्की आली. ऑफिसात बसल्याने तो शुद्ध बोलत होता.

"मॅडम, सतरा तारीख करून देतो ना. एका अंकाचा तर प्रश्न आहे."

"अरे मंगेश, पाच तारखेला अख्खं गाव स्मशानात होतं. तूसुद्धा होतास."

"होतो की." तो विचारात पडला. "मग असं होईल मॅडम, की दहावा-बारावा आधी झाला आणि निधन नंतर. कागदावर जरा विचित्र दिसेल. पण कागदावर कोण बघतो?"

मी त्याला शिकवलं होतं, तेही प्रथम वर्षाला 'सत्यनिष्ठा' हा पाठ. त्याची हजेरी तेव्हा वर्षभरात चार तास भरली होती, हेही मला आठवलं. आणि मार्चमध्ये ती पंचाहत्तर टक्के झाली होती, हेही.

इथे मला आमच्या पारंपरिक कॉलेजविषयी दोन शब्द लिहिणं भाग आहे. माझ्या वर्गाच्या पटावर एकशेवीस विद्यार्थी आहेत. समोर नऊ असतात. पाऊस असला तर पाच. दर मार्चमध्ये आमच्याकडे हजेरी भरण्याचा सप्ताह असतो. दारं लावून, चहा मागवून, निळ्या आणि काळ्या अशा दोन पेनांनी आम्ही प्राध्यापक मंडळी गेल्या आठ महिन्यांतली उपस्थिती घडवतो. अधूनमधून एखादी गैरहजेरी टाकायची, म्हणजे खरं वाटतं. इतकी वर्षं चहाचा ट्रे आणून तो शांतपणे टेबलावर ठेवणारा माणूस म्हणजे बाबा. ते कधी काही बोलले नाहीत. फक्त जाताना दार ओढून घेत.

म्हणूनच निलेश सरांनी जेव्हा पत्र वाचून मान हलवली, तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. "मॅडम, चूक झाली तुमची," ते म्हणाले. "आपल्याकडे नाव घालायचं होतं. आपल्याकडे ते मेल्यावरही पास झाले असते. कोणाला कळलंसुद्धा नसतं."

हे त्यांनी आमच्या संस्थेचं कौतुक म्हणून म्हटलं होतं.

मी त्या संध्याकाळी खुलासा लिहिला. आत्मा नाही, जुळा भाऊ नाही. सुतकात आमच्याकडे काय रीत असते, काकींनी काय केलं, का केलं. शेवटी लिहिलं की ती दहा व्याख्यानं वजा करावीत आणि बाबांच्या एकोणतीस व्याख्यानांवर काय तो निर्णय द्यावा. लिहून झाल्यावर वाटलं, अडीच टक्के आपल्या हाताने पाण्यात सोडले. पण बाबांच्या नावावर मला मार्चमधल्यासारखे पंचाहत्तर टक्के नको होते. त्यांनी ट्रे ठेवून दार ओढून घेतलं असतं.

विद्यापीठाने सुनावणी ठेवली. अर्थात ऑनलाइन. त्या दिवशी अकराला पडवीत मी एकटी असणार होते. साडेदहाला बाबलीकाका इस्त्रीचा शर्ट घालून आले. काकी आल्या त्या नऊवारीत. मागोमाग चौदा माणसं आली. मंगेश ग्रामपंचायतीचा शिक्का खिशात घालून आला, लागला तर असावा म्हणून.

"काकी, ही सुनावणी आहे, गावजेवण नाही," मी म्हटलं.

"गो, तुझ्या बाबांचो निकाल. आमी घरात बसान काय करतलंव?"

पडद्यावर तीन चौकोन उघडले. मधल्या चौकोनात सहायक कुलसचिव सारिका निगुडकर. डावीकडे एक गृहस्थ, जे संपूर्ण वेळ मोबाईल बघत होते. उजवीकडच्या चौकोनात फक्त एक फिरता पंखा, त्याखाली 'प्रा. डॉ.' एवढंच दिसत होतं.

सारिका मॅडमनी दहा छायाचित्रं पडद्यावर आणली. तोवर मला माहीत नव्हतं की प्रत्येक व्याख्यानाला मोबाईल एकदा आपोआप फोटो घेतो. एकतिसाव्या व्याख्यानाच्या फोटोत सीताकाकी बाबांच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. बत्तिसाव्यात सीताकाकी, हातात झाडू. तेहेतिसाव्यात फक्त काकींचं नाक. चौतिसाव्या व्याख्यानाला खुर्चीत कोंबडा होता. सगळ्या फोटोंखाली प्रणालीने हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'ओळख पटली.'

"कोंबो आमचो," बाबलीकाका मागून अभिमानाने म्हणाले.

"त्या दिवशी काजू उन्हात घातलेलंय," काकी घाईने सांगू लागल्या, "तेवढ्या आवरूक उठलंय. पण चौकोन येवच्या आदी परतलंय हां. कोंब्यान दाबूक नाय, मीच दाबलंय."

सारिका मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "बाई, दुसऱ्याच्या नावाने वर्गात बसणं म्हणजे तोतयेगिरी. तुम्हाला मान्य आहे?"

"तोतयेगिरी काय ता माका ठावक नाय," काकी म्हणाल्या. "मी लवूदादाच्या जाग्यार बसलंय. तेंच्या गायीची धार ह्येंनी काढली, ती चलली. तेंच्या माडांक पाणी घातला, ताय चलला. मगे ह्याच कित्याक चलणा नाय?"

पंख्याच्या चौकोनातून कोणीतरी खाकरलं.

"बरं, व्याख्यानात काय शिकवलं, ते तरी सांगता येईल?" मॅडमनी विचारलं. प्रश्नात टोमणा होता, पण काकींना परीक्षा घेतल्याचा आनंद झाला.

"सांगतंय. पयल्या दिवशी ताण. श्वास घेवचो, सोडूचो. घेतलंय मी. दुसऱ्या दिवशी वेळेचा नियोजन, ता माका पटाक नाय. त्या बाईंका म्हणावा, एक दिवस आमच्याकडे येवन ऱ्हवा. मगे कसा बोलूचा, कसा आयकान घेवचा, मोटो आवाज करू नये..." इथे बाबलीकाकांनी मान खाली घातली. "आणि नवव्या दिवशी दुखाचा होता. आपला माणूस गेला की काय करूचा."

काकींनी पदर सारखा केला.

"त्या दिवशी ह्या किशोरीक हाक मारूची, असा मनात होता. पण ती आत पडलेली. चार दिवस घास नाय गिळल्यान तिना. म्हटला, ऱ्हवांदे. तिच्या वाटचाय मीच आयकलंय." काकींनी माझ्याकडे बघितलं नाही. "सगळा सांगाक येवचा नाय. पण आयकलंय."

सारिका मॅडम थोडा वेळ काही लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "दहा व्याख्यानं वजा. एकोणतीस. साडेबहात्तर टक्के." डावीकडच्या गृहस्थांनी मान डोलावली. ते मोबाईल बघूनच.

मीही मान डोलावली. हेच तर मी लिहून मागितलं होतं.

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. त्या नियमांची पुस्तिका चाळत होत्या, कागदाची. "नियम चौदा, क. विद्यार्थ्याच्या कुटुंबात मृत्यू ओढवल्यास उपस्थितीत कमाल पाच टक्के सवलत." त्यांनी वर बघितलं. "सर, कुटुंब या शब्दात विद्यार्थी स्वतः येतो का?"

पंखा बराच वेळ फिरला. मग त्याखालून आवाज आला, "येत नाही, असं कुठे म्हटलेलं नाही."

"आरोसकर मॅडम, मग मला नोंदीसाठी विचारावं लागेल," सारिका निगुडकर म्हणाल्या. "विद्यार्थ्याच्या कुटुंबात मृत्यू झाला आहे का?"

गेले तीन महिने मी हे प्रत्येक टेबलावर सांगत होते. निधन झाले आहे, मृत झाले आहेत, दाखला सोबत जोडला आहे. या वेळी ती वाक्यं तोंडाशी येईनात. चौदा माणसं माझ्या पाठीमागे उभी होती आणि त्यांतल्या एकानेही माझ्यासाठी उत्तर दिलं नाही. आमच्या गावात हे पहिल्यांदाच घडत होतं.

"हो," मी म्हटलं. "माझे बाबा गेले."

"नोंद केली," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. मग पुन्हा कचेरीच्या आवाजात, "सवलतीचा अर्ज विद्यार्थ्याच्याच खात्यातून यायला हवा. खातं चालू आहे ना?"

"चालू आहे."

"असणारच. बंद करण्याची सोय नाही आमच्याकडे."

अर्ज तिथेच, सगळ्यांच्या देखरेखीखाली भरला. विद्यार्थ्याचे नाव, लवू आरोसकर. मृत व्यक्तीचे नाव, लवू आरोसकर. मृत व्यक्तीचे विद्यार्थ्याशी नाते, इथे यादी होती. आई, वडील, पती, पत्नी, अपत्य, इतर. मी इतर निवडून लिहिलं, 'स्वतः'. पुढचा रकाना होता, 'या मृत्यूचा विद्यार्थ्याच्या अभ्यासावर झालेला परिणाम, किमान पन्नास शब्द.' मी लिहिलं, 'अभ्यास पूर्णपणे थांबला.' अजून सत्तेचाळीस शब्द हवे होते. एरवी एका ओवीवर तासभर बोलणारी मी, तिथे अडून बसले. शेवटी बाबलीकाकांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. संध्याकाळची खुर्ची रिकामी असते, तांब्यावर टोल पडत नाही, गायसुद्धा पाच वाजता पडवीकडे बघते, असं ते सांगत गेले. पन्नासावर शब्द झाले तरी थांबेनात. मीही त्यांना थांबवलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी बाबांच्या मोबाईलवर लागोपाठ दोन निरोप आले. पडवीत आम्ही तिघंच होतो. काकी काजू फोडत होत्या, काका नुसतेच बसले होते. मी पहिला निरोप वाचला. 'सुधारित उपस्थिती ७७.५ टक्के. निकाल: बी. ए., इतिहास, द्वितीय श्रेणी, उत्तीर्ण.'

काकींनी काजूच्या काळ्या हातांनीच माझी हनुवटी धरली.

मग मी दुसरा उघडला. तो समर्थचा होता आणि निळा गोळा या वेळी हसत नव्हता. मी वाचून दाखवला.

"प्रिय लवू, आपल्या कुटुंबातील श्री. लवू आरोसकर यांच्या निधनाचे वृत्त समजले. ही हानी भरून न येणारी आहे. या कठीण प्रसंगी विद्यापीठ आपल्या दुःखात सहभागी आहे. स्वतःची काळजी घ्या."

कोणी हसलं नाही. बाबलीकाकांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि मान हलवली.

"बरा झाला," ते म्हणाले. "कोणतरी तेंका सांगल्यान."